टावरवरची केसरबाई

सौसरहून घाटाकडे निघालं की एका डोंगरावर जंगल खात्याचा लोखंडी टावर दिसतो. तो उभारला तेव्हा रेती, सिमेंट, पाणी सगळं पायथ्याच्या टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, माणसांनी डोक्यावरून वर नेलं. त्यात केसरबाईही होती, लग्न होऊन नुकतीच आलेली. पुढं तिचा नवरा भाऊराव तिथंच राखणीला लागला. उन्हाळाभर वर बसायचं आणि जंगलात धूर दिसला की वायरलेसवर खाली कळवायचं, एवढं काम. भाऊराव काविळीनं गेला तेव्हा नाकेदार, म्हणजे तिथले वनरक्षक, म्हणाले, "बाई, आता तुमीच बसा. हा डोंगर तुमाले ठाऊक हाय."

केसरबाईला मूलबाळ नव्हतं. धाकट्या दिराची, विनोदची, बायको वंदना तिगावची. तिची मुलगी मानसी केसरबाईच्याच मांडीवर वाढली. दोघी जावांचं एका ताटात जेवण.

त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत वंदना फुलं वेचायला नाल्यापलीकडे गेली होती. फुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवला आणि दुपारच्या वाऱ्यानं आग सुटली. केसरबाईनं लगेच वायरलेसवर सांगितलं. आग विझवायला माणसं निघालीही. पण आगीला दोन तोंडं फुटली. एक नाल्याकडे, दुसरं टोल्याकडे. टोल्यात त्या वेळी म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी होती. त्यात मानसी.

"कोनीकडं जाऊ, बाई? लवकर सांगा!" नाकेदार ओरडत होते.

नाल्यापलीकडे वंदनाचं हिरवं लुगडं तिला दिसत होतं.

"टोल्याकडं जा," ती म्हणाली.

टोला वाचला. वंदनाला संध्याकाळी आणलं ते चादरीत गुंडाळून. अंगणात माणसं जमली होती. त्यांच्यासमोरच केसरबाईनं विनोदला सांगितलं, "मले दिसून राहिली होती ती. मीच मानसं इकडं धाडली."  त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. मानसीला मात्र त्यानं तिच्यापासून तोडलं नाही. केसरबाई पुढचे उन्हाळेही टावरवर बसली. नाल्याकडे पाहायचं टाळून चालणार नव्हतं. तेच तर काम होतं.

मग आगीची खबर उपग्रहावरून थेट मोबाईलवर येऊ लागली. राखणदाराची गरज उरली नाही. टावरला रंग दिला, कठडे बसवले, आता रविवारी पांढुर्ण्या-सौसरची पोरं तिथं फोटो काढायला चढतात.

मानसी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, त्या आठवड्यात विनोद केसरबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, मले वर घेऊन चाल."

दोघं चढले. वंदना होती ती नाल्यापलीकडची जागा तिनं बोटानं दाखवली. तिथं आता सागाची रोपं होती. विनोदनं तिकडं पाहत विचारलं,

"तिनं इकडं पाह्यलं होतं का?"

"हो. हात केला होता."

विनोद मटकन खाली बसला आणि मोठ्यानं रडला. केसरबाई त्याच्या बाजूला बसली. तिला रडता आलं नाही.

"मी असतो तरी..." तो म्हणाला आणि थांबला. "काय माहीत, वहिनी. कोनीकडं जा, ते मले सांगता नसतं आलं."

उन्हं उतरल्यावर ते निघाले. केसरबाईचे गुडघे आता धरतात. विनोद पुढं झाला, आणि लोखंडी जिन्याच्या दर वळणावर मागं वळून म्हणत राहिला, "इथं जपून, वहिनी."