मातीत बोट घालून बघणारे अण्णा

केशवअण्णांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी. आश्विनातली सकाळ होती, पाऊस नुकता उघडला होता आणि आमच्या कुंपणापलीकडे एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून जमिनीला नाक लावून होते. देवळाली कॅम्पातल्या लष्करी बंगल्यांच्या बागा राखण्यात यांची सारी नोकरी गेली आणि आता निवृत्त होऊन ते हरसूलकडच्या आमच्या गावी, वडिलांच्या घरी परत आलेत, एवढं मी ऐकून होते. मला वाटलं, काही हरवलं असेल.

“काय पडलं का हो?” मी विचारलं.

“नाय आक्का,” मान वर न करता ते म्हणाले, “हे गांडूळ माझ्याकडनं तुमच्याकडं चाललंय. तुमच्या मातीत असं काय हाय, ते बघतोय.”

मी घरात जाऊन सुनेला सांगितलं, तोफांच्या आवाजाने माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, जरा जपून.

आता त्याच अण्णांना पंचाहत्तरावं लागलं म्हणून गाव हा गौरवग्रंथ काढतंय आणि कुंपणाची शेजारीण म्हणून मलाही चार शब्द मागितलेत. अक्षराशी माझी कधी गाठ पडली नाही. मी बोलते आणि नात लिहिते. तिला बजावलंय, आजी अण्णांची कितीही थट्टा करो, तू ‘अहो-जाहो’ सोडायचं नाही. खरं तर हा ग्रंथ हातात पडेल तेव्हा अण्णा गावात असतील की नाही, याचीच यंदा मला धास्ती होती. ते पुढे येईलच.

आमच्याकडची रीत अशी, की पावसाळ्यात परसात काकडी, दोडका, डांगर जे येईल ते घ्यायचं. दसरा झाला की वेल वाळतात, बाया भाताच्या आणि नागलीच्या कापणीला जातात आणि परस शेळ्यांना मोकळं. न्हाणीचं पाणी गल्लीत आणि भाजी आणायची ती आठवडे बाजारातून. अण्णांनी कोणाला उपदेश केला नाही. ते दारोदार जाऊन विचारायचे, “हे पाणी कुठं जातं?” समोरचा म्हणायचा, “गल्लीत.” “मग गल्लीत काय लावलंय?” दुसऱ्या दिवशी त्या घरातून कुदळ बाहेर निघायची. आज कार्तिकात तुम्ही आमच्या गावात आलात तर प्रत्येक न्हाणीमागे मेथी, लसूण, मुळा असं काहीतरी हिरवं दिसेल.

गावाची परसभेट सुरू झाली ती मात्र माझ्या वालामुळे, हे ग्रंथात आलंच पाहिजे. माझा वेल कुंपण ओलांडून अण्णांच्या बाजूला गेला आणि नेमका तिकडेच लगडला. अण्णा पाटीभर शेंगा घेऊन दारात उभे राहिले.

“आक्का, या तुमच्या.”

“तुमच्या दारात धरल्या, तुमच्या.”

“मूळ तुमच्याकडं हाय.”

“मग मूळ मी खाते, शेंगा तुम्ही खा!”

त्यांच्या घरच्या अनसूयावहिनी वैतागून म्हणाल्या, “भांडा उन्हात उभं राहून. मी इथंच शिजवते.” त्यांनी कुंपणाशीच तीन दगड मांडले. वास गेला तशी शेजारची माणसं आली, कोणी भाकरी आणली, कोणी खुरासणीची चटणी. तेव्हापासून भाऊबीज उलटली की पुढच्या रविवारी शाळेमागच्या मैदानात सगळं गाव एकत्र जेवतं, तीच आमची परसभेट. तिथे घाणेरी माजली होती, ती अण्णांनी माणसं जमवून काढली. परसभेटीत मंडप नाही, खुर्ची नाही, भाषण तर नाहीच. पुढारी आले तरी गोणपाटावर बसतात. अट एकच, अण्णांनी घातलेली. प्रत्येक घराने आपल्या परसातली एक भाजी आणायची आणि एक प्रश्न आणायचा. प्रश्नाशिवाय वाढायचं नाही.

एके वर्षी नव्याने लग्न होऊन आलेली एक सून पदर सावरत उभी राहिली. म्हणाली, “लसणाची पाकळी उलटी लावली तर काय होतं?” तिची सासू कपाळाला हात लावून बसली. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. अण्णा म्हणाले, “मला नाय माहीत. लावू या, बघू.” आणि खरोखर एक वाफा उलट्या पाकळ्यांचा लावला. उगवला हो! पण कोंब बिचारे खालून वळसा घेऊन वर आले, मान वाकडी करून. ती सून आता परसभेटीचा सगळा कारभार बघते. ‘मला माहीत नाही’ हे शब्द इतक्या आनंदाने बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत थेंब घालून मी ओसरीवर पडून असायचे. दुसऱ्या डोळ्यानेही धड दिसत नव्हतं. अण्णा रोज सकाळी माझ्या परसाला पाणी घालायचे आणि जाताना एक पान माझ्या हातावर ठेवायचे. “ओळखा आक्का.” मी चुरगाळून, वास घेऊन सांगायचे. कधीकधी ओव्याचं पान ओळखू आलं तरी मुद्दाम तुळस म्हणायचे. मग ते बसून समजावत राहायचे आणि माझी सकाळ बरी जायची. हे त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही. आता वाचतील.

पण अण्णांनी दुसऱ्यांना शिकवलेला धीर त्यांना स्वतःला किती जमतो, तेही सांगते. मागे एकदा त्यांनी मला सुरणाचं बारकं पिल्लू, म्हणजे मोठ्या गड्ड्याला फुटलेला छोटा कंद, दिलं. कुंपणाच्या कोपऱ्यात आम्ही ते पुरलं. “तीन वर्षं हात लावायचा नाय,” ते म्हणाले. “दर पावसाळ्यात छत्रीसारखं एकच पान येईल, दिवाळीला वाळून पडेल. खाली काय चाललंय, ते त्याचं त्याला ठाऊक.” मी कबूल झाले. पहिल्याच दिवाळीत, पान वाळल्यावर, झुंजूमुंजू उजाडताना बघते तर अण्णा माझ्या कुंपणातून हात घालून माती उकरताहेत!

“अण्णा!”

“मुंग्या बघत होतो आक्का.”

पुढे चहाला आले ते दोन्ही हातांची बोटं खाजवत. कच्चा सुरण कसा खाजतो ते सगळ्यांना माहीत आहे. “मुंग्या चावल्या,” म्हणाले. मी चिंचेचं बुटुक पुढे केलं. चिंच चोळली की सुरणाची खाज जाते. मुंग्यांची जात नाही. त्यांची खाज गेली.

यंदा पाऊस उघडला आणि अण्णा परसातच चक्कर येऊन पडले. त्यांचा मुलगा प्रमोद नाशिकला नोकरीला असतो, गुणी आहे. त्याने वडिलांना दवाखान्यात दाखवलं आणि म्हणाला, “आता दोघं माझ्याकडं फ्लॅटवर चला. परसभेट झाली की निघू.” त्याचंही चूक नव्हतं. अण्णा ‘बरं’ म्हणाले. मला धसका बसला तो त्या ‘बरं’चा. जे अण्णा डॉक्टरला गोळीचा रंग असा का म्हणून विचारतील, ते एक प्रश्न न विचारता ‘बरं’ म्हणाले. मग खाटेवर बसून राहायला लागले. माझ्या परसात मेथी पिवळी पडली, मी मुद्दाम ओरडून सांगितलं, तरी उठून बघायला आले नाहीत.

परसभेटीच्या दिवशी मी जाहीर केलं की यंदा सुरण काढायचा. सुरणाची तीन वर्षं भरलीच होती. जेवणाआधी सगळं गाव माझ्या परसात दाटलं. अण्णांची खाट कुंपणाशी आणून ठेवली. नारळाएवढा असेल, घागरीएवढा असेल, काहीच नसेल, असे ज्याचे त्याचे अंदाज चालले. कुदळ बाजूला ठेवून पोरांनी हातांनी माती सारली, आणि निघाला तो पाटीत मावेना. लोक ओरडले. मी सुरणाकडे बघतच नव्हते. मी खाटेकडे बघत होते.

अण्णा वाकले. मग उतरले. प्रमोद “अण्णा, हळू,” म्हणेपर्यंत ते गुडघ्यांवर बसलेही होते. त्यांनी सुरण फिरवून फिरवून बघितला, खड्ड्यात हात घातला आणि म्हणाले, “आक्का, याला सगळी पिल्लं एकाच बाजूला का?”

किती आठवड्यांनी तो पहिला प्रश्न!

मी म्हटलं, “मला नाय माहीत. लावू या, बघू.”

“तीन वर्षं लागतील.”

“मग लागू द्या. घाई कोणाला हाय?”

प्रमोद खड्ड्याच्या काठावर बसला. “अण्णा,” त्याने जपून विचारलं, “हे गॅलरीतल्या कुंडीत येतं का रे— येतं का हो?” पोरगा गडबडला होता. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या उलट्या लसणाकडे बघितलं होतं. “नाय माहीत,” म्हणाले. “एक पिल्लू तू ने, कुंडीत लाव. एक मी इथं लावतो. दोन्ही बघू.” वहिनी मधेच म्हणाल्या, “म्हणजे आपण इथंच.” प्रमोदने एक पिल्लू उचलून रुमालात बांधलं. “दर रविवारी येईन,” म्हणाला, “आणि तपासणीला मी नेईन तेव्हा यायचं. तेव्हा प्रश्न नाही विचारायचे.” अण्णा म्हणाले, “का?”

त्या दिवशी सुरणाची भाजी चिंच घालून सगळ्या गावाने खाल्ली.

प्रथेप्रमाणे शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. अण्णांचे गुडघे वाकत राहोत, नजर मुंगीएवढी बारीक राहो, आणि अनसूयावहिनींना हे सगळं सोसायची ताकद मिळो. बाकीचं काम ते नवं पिल्लू करील. ते अण्णांनी माझ्याच कोपऱ्यात लावलं आणि मी वर बोराटीच्या काट्या घातल्या आहेत.

काल सकाळी काट्या सरकलेल्या होत्या. अण्णा चहाला आले ते बोटं खाजवत.

“मुंग्या का?” मी विचारलं.

“लय झाल्यात यंदा,” ते म्हणाले.

मी चिंच पुढे केली. घरात चिंच भरपूर आहे. अण्णांनी खुशाल शंभरी गाठावी.