पूजलेली चाके

ठमाबाईला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती गाडीच्या चाकाला कान लावून बसली होती. बाळकुमच्या मराठी शाळेवर माझी नेमणूक होऊन चारच दिवस झाले होते. शाळेच्या पेटीची कडी तुटली म्हणून ती पेटी उचलून मी गावाच्या टोकाला, चिंचेखालच्या भट्टीवर गेलो होतो. चाकावर नुकतीच तापलेली धाव चढवली होती. चाकाच्या कडेवर बसवतात त्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. तिच्यावर पाणी ओतल्यामुळे वाफेचा लोट उठत होता आणि त्या वाफेत ही तिशीची बाई डोळे मिटून, कान टेकून उकिडवी बसली होती.

"लोहार कुठे आहेत?" मी विचारले.

तिने नुसते एक बोट वर केले. मी थांबलो. भात्यापाशी तिची सासू बायजा बसली होती, ती हसली. "मास्तर, पोरांना गप करायला तुमाला छडी लागते. हिला बोट पुरतं."

जरा वेळाने ठमाबाई उठली. "लाकूड बोलत होतं. त्याचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकू नये. लोहार मीच. काय मोडलंय?"

तिचा नवरा भिवा पटकीच्या साथीत गेला होता. गावाला लोहार हवा होता आणि तिला भट्टी येत होती. कोणी फारसे काही न बोलता ती भिवाच्या जागी बसली. पुढे मी संध्याकाळचा तिच्या भट्टीवर जाऊन बसू लागलो. तिची मापे मला फार आवडत. चाकाचा घेर ती दोरीने घेई आणि धावेचे कडे त्याहून थोडे लहान करी, म्हणजे निवताना ते लाकूड आवळून धरते. पण किती लहान, ते दर महिन्याला वेगळे असे. फाल्गुनात एक बोट, तर श्रावणात निराळे. ती म्हणे, "लोखंड बारा महिने सारखंच असतं. बदलतं ते लाकूड. उन्हात सुकतं, पावसात फुगतं. लोकं मात्र लोखंडाला शिव्या घालतात."

ती रागीट होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिचा राग ओरडणारा नव्हता. आधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत, मग आवाज खाली जाई. इतका खाली, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावे लागे. वाकला की तो सापडला.

अठराशे शहाऐंशीच्या दसऱ्याची हकिकत सांगायची आहे ती यासाठी, की तिच्या आयुष्याचा रस्ता त्या दिवशी फुटला.

बाळकुम आणि कोलशेत या दोन गावांत दसऱ्याला बैलगाड्यांची शर्यत होत असे. वेशीतून निघायचे, मुरमाच्या कडक रस्त्याने खाजणापर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या, सपाट जमिनीपर्यंत, जायचे, खाडीच्या बांधावर वळायचे आणि परत यायचे. हेच सीमोल्लंघन. अशा तीन फेऱ्या. दोन फेऱ्या जिंकणारी गाडी देवीपुढे आपट्याची पहिली फांदी ठेवी. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक घटकेची सुटी असे, म्हणजे भोकाची वाटी पाण्यात बुडायला लागतो तेवढा वेळ. त्यात बैलांना पाणी पाजावे, हवी तर चाके बदलावी. मी परगावचा, म्हणून ती वाटी सोडायचे काम माझ्याकडे दिले होते.

चाके बदलण्यातच शर्यत होती. अरुंद, दोन बोटांची धाव मुरमावर उडत जाते, पण खाजणाच्या चिकणमातीत सुरीसारखी रुतते. चार बोटांची रुंद धाव जड. ती मुरमावर मागे पडते आणि चिखलावर तरते. दसऱ्याच्या सुमाराला हस्ताचा पाऊस असतो. तो सांगून येत नाही आणि आला तरी थांबत नाही.

बाळकुमची गाडी काळुराम पाटलाची. मिठागरे त्याची, भाताची खाचरे त्याची, आणि गावात शेवटचा शब्दही त्याचाच. त्याने श्रावणातच ठमाबाईकडून दोन्ही जोड्या करून घेतल्या होत्या, अरुंद आणि रुंद. कोलशेतच्या तानाजीनेही तिच्याकडूनच दोन जोड्या नेल्या. आसपास दुसरा लोहार नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे पूजतात, तशी शर्यतीची चाकेही पूजतात. त्या दिवशी आभाळ निरभ्र होते. पाटलाने अरुंद जोडी तेवढी घरी नेली, कुंकू लावले, झेंडूच्या माळा घातल्या. रुंद जोडी चिंचेला टेकून तशीच राहिली.

ठमाबाई त्याला म्हणाली होती, "पाटील, ही पण न्या. दोन फुलं जास्ती लागतील."

"कोरडं ठाक पडलंय सगळं. कशाला?"

दसऱ्याला पहिली फेरी बाळकुमने सहज जिंकली. गाडी हाकायला पाटलाचा पुतण्या आनंदा होता. हात हलका, बैलांना मारणे त्याला माहीत नाही. तानाजी बरीच धूळ खाऊन मागून आला. बाळकुमचे लोक त्याला ओरडत होते, "तानाजीशेट, बैल जुंपलेत का म्हशी?"

मी वाटी पाण्यात सोडली आणि येऊरच्या डोंगराकडून वारा फिरला. ठमाबाई रुंद चाकांपैकी एक लोटत गर्दीतून आली.

"पाटील, बदला."

"पूजलेली चाकं काढू? सीमोल्लंघनाला?"

"पाऊस येतोय."

"तुला कोण बोललं?"

ठमाबाईचा आवाज खाली गेला. "तुमीच. सकाळी कापलेलं भात उचलायला आठ माणसं धाडलीत खाचरात. भाताला पाऊस येतो, चाकाला येत नाय?"

दोनचार लोक हसले. हसायला नको होते. काळुरामाचा चेहरा मी नीट पाहिला. तोवर कदाचित त्याने चाके बदलली असती. त्या हसण्यानंतर शक्य नव्हते. "कुंकू न लागलेलं चाक देवीच्या वाटेवर जाणार नाय," तो म्हणाला.

पलीकडे तानाजी मात्र घाम पुसत चाके बदलत होता. कोणीतरी त्याला टोकले तेव्हा तो म्हणाला, "मी चारही चाकं पूजलीत बाबा. देवीच्या घरी कुंकवाचा दुष्काळ हाय का?"

वाटी बुडली आणि पाऊस आला. दुसऱ्या फेरीत मुरमावर आनंदा पुढे होता, खाजणात चाके रुतली, आणि तानाजीची गाडी त्याच्या अंगावरून गेल्यासारखी निघून गेली. एकेक फेरी झाली.

दुसऱ्या सुटीत पाऊस थांबला आणि लखलखीत ऊन पडले. पाटलाने आभाळाकडे हात केला. "बघ ठमे! देवीनं ऐकलं."

ठमाबाई खाजणापर्यंत धावत जाऊन आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल. "वरून पापुद्रा धरलाय. खाली लोणी हाय. अर्धवट सुकलेलं खाजण ओल्यापेक्षा वाईट, चाक धरून ठेवतं. जोरात वळवलं तर आरे मोडतील. पाटील, मानाचं राहू द्या. बैलाचे पाय बघा." मग ती आनंदाकडे वळली. "अरे, तू तरी बोल! हाकणार तू हायस."

आनंदाने चुलत्याकडे पाहिले आणि कासरा मनगटाला गुंडाळला. "काका बोलतील तसं."

वाटी बुडायला अजून बराच वेळ होता. चाके दोनदा बदलून झाली असती इतका. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण माझी नजर वाटीवर होती.

बांधाच्या वळणावर डावे चाक पापुद्रा फोडून पार मधल्या तुंब्यापर्यंत, जिथे आरे बसवतात तिथपर्यंत, आत गेले. बैल जोरात होते. आरे मोडल्याचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. गाडी कलली, आनंदा खाली पडून त्याचा पाय मोडला आणि डावीकडचा बैल जुवासकट आडवा झाला. त्याच्या पुढच्या पायाचे हाड बाहेर आले होते. तानाजीने आपली गाडी थांबवली, उतरून तो बैल धरायला गेला. फेरी पुरी करायला तो विसरला, आणि त्या वर्षी आपट्याची फांदी कोणीच ठेवली नाही. बैल तिसऱ्या दिवशी मेला.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पारावर पंच बसले. पाटलाचे म्हणणे असे की, ठमाबाईने कोलशेतला चांगली धाव दिली आणि आपल्या गावाला वाईट. त्याहून मोठे म्हणजे, ही धाव विधवेच्या हातची होती.

हे वाक्य आज नऊ वर्षांनी मी जसेच्या तसे लिहितो आहे. सात वर्षे तिच्याच हातच्या धावांवर या गावाचे मीठ बंदरावर गेले. भात घरी आले. लग्नाची वऱ्हाडे गेली, पाटलाच्या स्वतःच्या मुलीचे वऱ्हाडही. तेव्हा ती लोहार होती. पाटलाची चूक झाकायला काहीतरी हवे झाले, त्या दिवशी ती विधवा झाली.

ठमाबाई मोडके चाक लोटत पारापाशी आली. आरे तुटलेले, कुंकू तसेच. तिने ते पंचांपुढे आडवे टाकले. "ही धाव काढून दाखवा. सैल असेल, वाईट असेल, तर हाताला येईल."

चौघांनी पहार घालून पाहिले. धाव हलली नाही. आरे तुटले होते, कडेचे लाकूड फाटले होते. पण धाव जिथल्या तिथे होती. हे सगळ्यांनी पाहिले. पारावर बसलेले सगळे गाडीवाले, त्यांना चाक कळत नव्हते असे नाही.

पाटील म्हणाला, "चाक कोण बघतंय? आमी हात बघतोय."

"हे हात दसऱ्यालाच दिसले होय तुमाला?"

मी उभा राहिलो. दोन्ही सुट्यांत तिने चाके बदलायला सांगितले होते आणि वेळही पुरेसा होता, एवढे बोललो. काळुरामाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मास्तर, तुमी पाणी मोजा."

मी खाली बसलो. त्या बसण्याचा मला अजून राग येतो.

आनंदाला खाटेवर घालून आणले होते. ठमाबाई त्याच्यापाशी गेली. तिचा आवाज इतका खाली होता की सारा पार पुढे वाकला. "पाय मोडला की तोंड? सांग यांना, मी काय बोल्ले ते."

आनंदा रडला, पण बोलला नाही.

पंचांनी निवाडा दिला. भिवंडीहून पुरुष लोहार आणायचा, भट्टी त्याला द्यायची. ठमाबाईने झोपडीत राहावे आणि त्याच्या हाताखाली भाता ओढावा. हा निवाडा सांगताना एक पंच मला म्हणाला, "बाईला उघड्यावर टाकली नाय बघा आमी." त्याला खरोखरच वाटत होते की हा उपकार आहे.

बायजा म्हातारी थुंकली. "भाता मी ओढते. माझ्या सुनेला शिकवायला तुमचा भिवंडीवाला आधी तिच्याकडं शिकून येऊ दे."

ठमाबाईने घरी जाऊन ऐरणीचा ठोकळा खणायला घेतला. भिवाच्या आज्याने पुरलेली ऐरण. दोघी बायकांनी ती दुपारपर्यंत उपटली. गावातली एकही गाडी ती न्यायला निघाली नाही. तानाजीने कोलशेतहून आपली गाडी पाठवली, तर तिने ती परत केली. "या गाडीत बसले तर उद्या म्हणतील, बघा, कोलशेतला मिळालेलीच होती." शेवटी एका कोळ्याची होडी ठरली. ऐरण बंदरापर्यंत न्यायला चौथा हात माझा होता. सासूसुनांनी तीन बाजू धरल्या होत्या म्हणायला हरकत नाही, कारण म्हातारीने एकटीने दोन धरल्या. वाटेत दारे उघडी होती आणि माणसे आत होती.

भरतीच्या पाण्यावर होडी कल्याणकडे गेली.

भिवंडीचा लोहार आला. तो वाईट माणूस नव्हता, पण बारा महिने एकाच मापाची धाव करी. पुढच्या वैशाखात बाळकुमच्या धावा रस्त्यात गळून पडू लागल्या. लोक चाके रात्रभर तळ्यात बुडवून ठेवत आणि सकाळी घाईने गाडी जुंपत. दोन वर्षांनी तो कंटाळून निघून गेला. त्यानंतर गावाने लोहार बसवला नाही. बसायला कोणी तयार झाला नाही, हे जास्त खरे.

माझी बदली कल्याणला झाली आणि पेन्शनही इथेच मिळाली. गेल्या वर्षी मी ठमाबाईच्या भट्टीवर बसलो असताना आनंदा आला. लंगडत होता, हातात नारळ होता. बाहेर बैलगाडीत धाव निखळलेले एक चाक होते. काळुराम पाटलाने पाठवले, परत ये म्हणाला, भट्टीची जागा तुझ्याच नावाने करून देतो म्हणाला, असे त्याने एका दमात सांगितले. मग स्वतःचे म्हणून म्हणाला, "ठमाबाय, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं."

तिने त्याला बसायला पाट दिला, पाणी दिले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"पाय दुखतो का अजून?" तिने विचारले.

"पावसात दुखतो."

"तेल चोळत जा. नारळ देवळात दे, मला नको." आणि बाहेरच्या चाकाकडे बोट करून म्हणाली, "आणि ते ने परत."

"दुसरीकडं कुठं नेऊ? इथनं ठाण्यापर्यंत..."

"मला काय इचारतोस? पाटलाला इचार. त्याला हात बघता येतात."

आनंदा गेला. वयाने नरम झालेला मी तिला म्हणालो, की त्या गावात आता निम्मी माणसे त्या पंचायतीच्या वेळी लहान होती, काही जन्मलीही नव्हती. ती म्हणाली, "मोठी होती त्यांनी त्यांना सांगावं, आपल्या गावाला लोहार का नाय ते. मास्तर, तुमी शाळेत सांगितलंत का कधी?"

मी सांगितले नव्हते. म्हणून आता लिहिले.

ठमाबाई आज कल्याणला मुरबाडच्या रस्त्यावर भट्टी चालवते. बाळकुमची गाडी ती हातात घेत नाही.