सत्तावन किलोची जागा

माझ्या धाकट्या भावाची जागा ज्याने घेतली, तो आठवड्यातून दोनदा आमच्याकडे जेवायला यायचा आणि त्याला वाढायचं काम माझं होतं.

माझे यजमान इंदूरच्या एका कॉलेजात खेळाचे सर होते. कुस्ती हा त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या हाताखाली कॉलेजचा संघ सलग दोन वर्षं विद्यापीठात पहिला आला होता. जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत त्याशिवाय दुसरं बोलणं नसे. कोणाचा खांदा दुखतोय, कोणाचं वजन वर सरकतंय, कोणी दुधाऐवजी चहा ढोसतोय. संघात दहा वजनं, आणि एकेका वजनाला एकच पैलवान. सत्तावन किलोला माझा भाऊ होता. तो त्याच कॉलेजात बी.कॉम.ला होता, आणि मागच्या दोन्ही वर्षी त्याने आपली कुस्ती मारली होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या दादांची मिल बंद झाली. दादा म्हणजे माझे वडील, कापड खात्यात जॉबर, म्हणजे मजुरांवरचे मुकादम होते. "बंद नाही झाली, थांबली आहे," असं ते सगळ्यांना सांगत. रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून फाटकापाशी जाऊन बसत आणि दुपारी परत येत. विद्यापीठाकडून खेळलेल्या पोरांना रेल्वे नोकरीत घेते, हे तेव्हा इंदूरच्या प्रत्येक मराठी घराला पाठ होतं. आई ते दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. सगळ्या घराचं लक्ष भावाच्या त्या एका जागेवर लागलेलं होतं.

आणि जुलैमध्ये मानपूरचा तो मुलगा आला.

त्याच्या वडिलांचं आग्रा-मुंबई रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. ट्रकची चाकं काढून-घालून त्याचे हात असे झाले होते की मनगट आणि कोपर यांत फरक कळू नये. बोलायचा कमी, तेही हिंदीत, त्यात माळव्याचा हेल. कुस्ती मातीत शिकला होता. कॉलेजातल्या गादीवर पहिले आठ दिवस त्याचे पाय घसरत होते. आणि वजन सत्तावन.

श्रावणात निवड झाली. तीन कुस्त्या, ज्याच्या दोन त्याची जागा. भाऊ पहिली जिंकला आणि पुढच्या दोन्ही हरला. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि उंबऱ्यावरच बसून राहिला. एक कान सुजून लाल झाला होता. मी हळद लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे ताई. तो खरंच भारी आहे यार."

मी यजमानांना आत बोलावलं. "ठरवायचं तुमच्याच हातात आहे ना? घरची परिस्थिती तुम्हाला माहिती आहे."

"माहिती आहे," ते म्हणाले. "पण उद्या मी मेव्हण्याला उभा केला, तर बाकीच्या नऊ पोरांना काय तोंड दाखवू? राखीव म्हणून ठेवलाय त्याला. वजन राखू दे."

इतकंच. मला वाटलं होतं, निदान त्यांना वाईट वाटल्याचं दिसेल. उलट त्या महिन्यात ते जितके खुशीत होते तितके लग्नानंतर मी त्यांना पाहिले नव्हते. जेवताना त्या मुलाची गोष्ट. "आज त्याने काय पट काढला माहितेय?" मला नसायचं माहिती. मी आमटी वाढायची. एकदा त्यांनी माळ्यावरून आपले स्वतःचे कुस्तीचे बूट काढले, विद्यापीठाकडून खेळताना घातलेले, आणि तेल लावून त्याला देऊन टाकले. त्या बुटांवर माझ्या भावाचा लहानपणापासून डोळा होता. त्याने कधी मागितले नाहीत, म्हणून काय झालं?

सगळ्यात जास्त लागलं ते दादांचं. त्यांनी तरुणपणी मिलच्या आखाड्यात कुस्ती केली होती. एक दिवस फाटकावरून परस्पर कॉलेजात सराव बघायला गेले आणि येऊन आईला म्हणाले, "पोरगा बांधणीचा आहे हो." आईने मला सांगितलं. बाप आपल्या मुलाची जागा घेणाऱ्याचं कौतुक करतो, हे मला सहन झालं नाही.

होस्टेलचं जेवण बेताचं, म्हणून यजमानांनीच त्याला मंगळवार-शुक्रवार आमच्याकडे लावलं होतं. तो पाटावर बसायचा, मान खाली घालून जेवायचा, ताट उचलून स्वतः घासायचा. मी त्याच्या पोळीला तूप लावताना हात आखडता घ्यायची. भावाच्या पोळीला दोन्हीकडून लावायची. त्याच्या ध्यानात आलं असेल का, कोण जाणे. काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणंही मला खुपायचं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मोसमातली पहिली लढत होती, आमच्याच कॉलेजात. उज्जैनचा एक संघ येणार होता. पहिल्या नंबरचा संघ घरच्या गादीवर कसा उतरतो, ते बघायला गाव लोटणार होतं. सकाळी सात ते आठ वजन व्हायचं, दहाला कुस्त्या.

सरांची बायको असल्याने वजनाचं शास्त्र मला बसल्या जागी पाठ झालं होतं. आदल्या दिवशी मीठ बंद. पापड, लोणचं दोन दिवस आधीपासून बंद. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी सकाळी काट्यावर दिसतं. आमच्याकडे मुलं जेवायला असली की मी स्वतः त्यांच्या पुढ्यातून लोणच्याची बरणी उचलत असे.

रविवारी दिवेलागणीला तो मुलगा हॉलची दुसरी किल्ली द्यायला आला. यजमान कॉलेजात होते, गाद्या अंथरून घेत होते. मी म्हटलं, "आला आहेस तर जेवूनच जा. दसऱ्याचं राहिलंय तुझं."

"भाभीजी, कल वजन है. सर ने मना किया है."

"सरांना मी सांगते. सणाचं आहे. नाही म्हणू नये."

तो पाटावर बसला. मी वरण-भात वाढला, पुऱ्या, बटाट्याची भाजी चांगली खारट-तिखट. पापड तळले, कुरडया तळल्या, कैरीचं लोणचं वाढलं. तो पापड बाजूला सारत होता.

"मी केलेलं टाकतोस?"

"नहीं भाभीजी, ऐसा नहीं," म्हणाला, आणि खाल्ले. मी पुन्हा वाढलं. मग मठ्ठा, दोन पेले, मीठ घालून. "बस हो गया," असं तो तीनदा म्हणाला. निघताना डिंकाचे चार लाडू बांधून दिले आणि म्हटलं, "सकाळपर्यंत उरता कामा नयेत हं. शिळे होतात."

त्याने वाकून पायांना हात लावला आणि गेला. मी ओटा पुसला. त्या संध्याकाळी मी गुणगुणत होते, हेही मला आठवतं. यजमान आले तेव्हा तो येऊन गेल्याचं मी सांगितलं, जेवल्याचं सांगितलं नाही.

सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन कॉलेजात गेले. मोसमाच्या पहिल्या दिवशी मी दर वर्षीच जायची. व्हरांड्यात काटा मांडला होता, धान्याच्या दुकानात असतो तसा, दांडीचा. एकेक मुलगा चढत होता. भावाचं राखीव म्हणून वजन झालं, छप्पन किलो नऊशे. तो उतरला आणि मानपूरचा चढला. दांडी टक्कन वर गेली. उज्जैनचे सर वाकून बघत होते. अठ्ठावन किलो दोनशे.

यजमानांनी पुन्हा तोलायला लावलं. तेच.

"काय खाल्लंस?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की सगळा व्हरांडा वळून बघू लागला. "क्या खाया कल?"

मी थर्मासचं झाकण हातात घेऊन चार पावलांवर उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, गाँव से मौसी आई थी. पूड़ी लाई थी. खा ली."

यजमानांनी त्याच्या कानाखाली मारली. बारा वर्षांत त्यांनी एकाही मुलावर हात उचलला नव्हता. मग घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं. काटा आठला बंद होणार होता. ते भावाकडे वळून म्हणाले, "तू तयार राहा."

मला हवं होतं ते असं आयतं समोर येऊन उभं राहिलं. मी भावाकडे बघितलं. तो आपल्या पिशवीतून स्वेटर काढत होता. एक काढला, दुसरा काढला, कोणाची तरी घोंगडी ओढून घेतली आणि सगळं त्या मुलाच्या अंगावर चढवू लागला.

"चल भिया. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत जाऊ आणि येऊ. चल जल्दी."

"अरे, तू कुठे?" मी म्हटलं. "तुला कुस्ती खेळायची आहे."

"ताई, तू टेन्शन नको लेऊ," म्हणाला, आणि दोघं नदीच्या पुलाकडे, त्या जुन्या समाध्यांच्या दिशेने पळाले.

मी काट्यापाशी उभी राहिले. त्या वेळात मी काय काय मागितलं देवाजवळ, ते लिहायची मला लाज वाटते. आठला बारा मिनिटं असताना दोघं फाटकातून आत आले. भावाने त्याला जवळजवळ ओढत आणलं होतं. घोंगडी काढली तर अंगातून वाफ निघत होती. भाऊ पट्टीने त्याच्या पाठीवरचा घाम निपटून काढत होता. कोणीतरी कात्री आणली आणि भावाने त्याचे केस कापले, वेडेवाकडे. टॉवेल आडवा धरून त्याचा लंगोटही उतरवला, म्हणून मी पाठ फिरवली. उज्जैनच्या सरांचा आवाज ऐकू आला, "सत्तावन. ठीक है."

दहाला तो गादीवर उतरला. पहिली दोन मिनिटं त्याने समोरच्याला हलू दिलं नाही. मग त्याच्या पोटरीत गोळा आला. मी बायकांच्या रांगेत मागे बसले होते, तिथूनही दिसलं. समोरच्याने पाय धरला आणि त्याला चीत केलं. भाऊ कोपऱ्यातून धावत गेला आणि त्याच्या पोटऱ्या चोळत बसला. संघ चार-सहाने हरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच, तोही घरी. दादा पहिल्या रांगेतून उठून गेले.

दुपारी यजमानांनी निर्णय सांगितला. ज्याला जिभेवर ताबा नाही तो संघात नको. पुढच्या लढतीपासून सत्तावनला माझा भाऊ. मानपूरचा मुलगा ट्रंक घेऊन संध्याकाळच्या बसने गावी निघून गेला.

भाऊ आमच्याकडे आला. यजमान आंघोळीला गेले होते. तो ओट्यापाशी उभा राहिला.

"ताई, पुलाजवळ त्याला उलटी झाली," तो म्हणाला. "त्यात डिंक होता."

मी विळीवर भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

"मी काही विचारलं नाही त्याला. तो बोलला पण नाही. पण मौशीची पुरी आणि तुझा लाडू मला कळत नाही का?"

"तुझ्यासाठीच केलं," मी म्हटलं.

"मला नको ही जागा. भाऊजींना तू सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी खेळणार नाही. कारण विचारलं तरी सांगणार नाही." त्याचे डोळे भरले होते. "दादांना काय वाटेल, ते तू बघ."

यजमान डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. पापड, मठ्ठा, लाडू, सगळं. भावासाठी केलं एवढंच म्हणणार होते, पण तोंडातून बुटांचंही निघालं, आणि जेवतानाच्या गोष्टींचंही. ते खाटेवर बसून ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "मी त्याला सगळ्यांसमोर मारलं." मग शर्ट चढवला आणि मानपूरची बस धरली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आले. पण आमच्या घरी नाही, होस्टेलवर. त्यानंतर एकही पैलवान आमच्याकडे जेवायला आला नाही, आणि जेवताना कुस्तीची गोष्टही निघाली नाही. जे मला नको होतं, ते सगळं घरातून गेलं. मागे जे राहिलं, त्यात आम्ही दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने जेवायचो.

तो मुलगा त्या वर्षी विद्यापीठातून पहिला आला आणि संघही. पुढे त्याला रेल्वेने रतलामला घेतलं. भावाने कुस्ती सोडली नाही, पण कायम राखीवच राहिला. बी.कॉम. झाल्यावर एका मोटरसायकलच्या शोरूममध्ये लागला. तेव्हा गावात अशी काचेची दुकानं नव्यानेच उघडत होती. आज तो तिथे मॅनेजर आहे आणि सुखी आहे. तो मला कधी टोचून बोलला नाही. मिल काही पुन्हा चालू झाली नाही.

त्या मुलाची मी माफी मागितली, पण फार उशिरा, भावाच्या लग्नात. तो म्हणाला, "भाभीजी, मैं तो भूल गया." खोटं बोलत होता, आणि चांगलं बोलत होता. मला वाटलं होतं, माफी मागितल्यावर मन हलकं होईल. पण लग्नात बोहल्याशेजारी भावाच्या पाठीशी तोच उभा होता. त्याच्या फेट्याचं टोक भाऊ नीट करत होता, आणि मला जाऊन दोघांच्या मध्ये उभं राहावंसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तो आधीच तिथे होता, रतलामहून आलेला. रतलाम केवढं लांब, आणि मी याच गावात. म्हणजे भावाने त्याला फोन आधी केला होता. मी दादांच्या पायांशी बसले, रडले. आणि रडता रडता, या वयात, मी मनाशी वेळेचा हिशोब लावत होते, की त्याला किती वाजता कळलं असेल आणि मला किती वाजता.