सासऱ्यांची होडी अडवताना

मी नव्या खेळाचं रूलबुक वाचून दाखवत होते आणि बाळारामकाका खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. त्यांची सून वनिता माझ्याकडे बघून ओशाळं हसली. तिसरा खेळाडू मोईनभाई, आमचा पॅकिंग सुपरवायझर. तो मान हलवत होता खरा, पण नजर छपराला लागली होती.

"मॅडम, रुक जाइए," तो म्हणाला. "चाचा तो सो गए. मैं भी बस जाने ही वाला था."

मी पुस्तक मिटलं.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. मुंबईबाहेर मानकोलीला भाताच्या शेतांवर गोडाऊन उभी राहत होती. त्यातल्या एकात आमची खेळणी आयात करणारी छोटी कंपनी होती आणि मी तिथे प्रॉडक्ट ट्रेनर होते. बाहेरून आलेला खेळ आधी आपण शिकायचा, मग दुकानदारांना शिकवायचा. लुडोला ट्रेनर लागत नाही, फासा पडेल तसं चालायचं. पण हा स्ट्रॅटेजी गेम होता. यात फासाच नव्हता. आपला बेत आखायचा आणि समोरच्याचा ओळखायचा.

पटावर निळा समुद्र आणि त्यात विखुरलेली बेटं. प्रत्येकाच्या रंगाच्या लाकडी होड्या. मीठ, तांदूळ, कापड बेटाबेटांवर पोचवायचं आणि त्या बदल्यात तिथे आपला दिवा लावायचा. ज्याचे दिवे जास्त तो जिंकला. काही वाटा अरुंद होत्या. तिथे आपली होडी उभी केली की दुसऱ्याला लांबून वळसा घालावा लागतो. याला ब्लॉक करणं म्हणतात. खेळाची सगळी गंमत त्यात होती.

आमचे मालक जिग्नेशभाई यांना या खेळाची एजन्सी हवी होती. खेळ बनवणाऱ्या कंपनीचा मुंबईतला माणूस, सलढाणा, बघायला येणार होता.

"त्याची एक अट आहे," जिग्नेशभाई म्हणाले. "असले खेळ कधी न खेळलेल्या लोकांनी त्याच्यासमोर पूर्ण डाव खेळायचा. तू बोलायचं नाही."

"अजिबात नाही?"

"गिऱ्हाइकाच्या घरी तू जाणार आहेस का?"

एजन्सी मिळाली नाही तर ट्रेनर कशाला हवी, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

नवे लोक हवेत म्हणून मी या तिघांना धरलं होतं. बाळारामकाका आमच्या जागेचे मालक. तरुणपणी खाडीत होडी चालवली, मग शेती केली. शेतावर गोडाऊन झालं आणि काकांचे हात रिकामे झाले. त्यांची बायपास झालेली, त्यामुळे एकटं सोडायचं नाही म्हणून वनिता बरोबर असायची. दुपारभर दोघं आमच्या ऑफिसात बसायचे.

काका झोपले त्या दिवसानंतर मी एकटीच पट मांडून बसू लागले. तिन्ही रंग मीच खेळायचे. छपरातल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या पत्र्यांतून दुधासारखा उजेड खाली यायचा. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट इतकी एकसुरी होती की थोड्या वेळाने ऐकूच यायची नाही. कापसाचे बारीक तंतू तरंगत येऊन निळ्या समुद्रावर उतरायचे, ढगांसारखे. मी लाल होडी पुढे सरकवायचे आणि वाटायचं, ती आपणहूनच सरकली. संध्याकाळी बसने कशेळीच्या पुलावरून जाताना खाली खाडी दिसायची. भरती ओसरलेली असली की चिखलातून पाण्याच्या चिंचोळ्या वाटा चमकायच्या. कुठली वाट कुठे निघते ते मी बघत राहायचे. एकदा तर माझा स्टॉप मागे गेला.

त्याच नादात लक्षात आलं, की मी पुस्तक वाचून शिकलेच नव्हते. मला एका बेटावर दिवा लावायचा होता, म्हणून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात ठेवलं आणि एक दिवा काकांच्या हातात दिला.

"काका, हा त्या टोकाच्या बेटावर लावायचाय."

काका सरळ बसले. "होरी लागंल."

"ही होडी तुमची."

"मंग भरू काय हिच्यात?"

आता ते विचारत होते आणि मी विचारलं तेवढंच सांगत होते. अडलं की एक नियम, पुन्हा अडलं की दुसरा. आठवड्याभरात तिघंही खेळू लागले. काका होडी हलवण्याआधी डोळे मिटायचे. झोप नसायची ती. कुठल्या पाण्यात असायचे, देव जाणे.

अडचण वेगळीच निघाली. वनिता तिघांत हुशार होती. मोईनभाईला ती हसत हसत ब्लॉक करायची, पण काकांची होडी आली की आपली बाजूला घ्यायची. दर डावात जिंकता जिंकता हरायची.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तिथे अडवायचं होतं."

"दिसलं मला," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "पन मामांच्या वाटंत आडवी कशी जाऊ? घरात कधी गेली न्हाय."

हे रूलबुकात नव्हतं.

सलढाणा आले ते हसतमुख, पण घड्याळ बघत. मी भिंतीपाशी उभी राहिले. खेळ सुरू झाला. कुणी अडखळलं नाही. मोईनभाई मध्येच "या अल्लाह" म्हणाला तेवढंच.

शेवटाकडे काकांची भरलेली होडी अरुंद वाटेच्या तोंडाशी आली. पलीकडे एकच मोकळं बेट उरलं होतं. टर्न वनिताचा होता. तिथे होडी घातली तर ती जिंकणार, बाजूला घेतली तर काका.

तिचा हात होडीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या ओठांवर होता. मी खाली बघितलं.

काका डोळे मिटून बसले होते.

वनिताने डोक्यावरचा पदर नीट केला आणि होडी सरळ वाटेत नेऊन उभी केली.

काकांनी डोळे उघडले. पटाकडे पाहिलं. वाटेवरून बोट फिरवलं, ते तिच्या होडीपाशी अडलं.

"ही तूच घातलीस?"

"हां मामा."

"मागच्या खेपंला का न्हाय घातलीस?"

वनिता पटावरचे दिवे मोजू लागली.

"म्हंजे इतके दिस मी फुकटच जिंकत व्हतो?" काका म्हणाले. कुणी हसलं नाही. मग तेच हसू लागले, खांदे हलेपर्यंत. "मांड परत. आता दावतो तुला."

सलढाणांना जायचं होतं, पण दुसरा डाव संपेपर्यंत ते उठले नाहीत. निघताना त्यांनी मला विचारलं, "ती शेवटची चाल तुम्ही शिकवलीत?"

"नाही," मी म्हटलं.

एजन्सी मिळाली. खेळ बेताचा खपला. दोनेक वर्षांनी जिग्नेशभाईंनी तो बंद करून रिमोटच्या गाड्या आणल्या, ज्यांना ट्रेनर लागत नाही. मी दुसरी नोकरी धरली. तिथेही शिकवण्याचंच काम होतं. नियम समजावून सांगणं मला लवकर जमलं होतं. समोरच्याचा हात होडीवर असताना गप्प राहणं जमायला फार वेळ लागला, आणि पगार खरं तर त्याचाच मिळायला हवा.