गिरीश भांडगे आणि वाऱ्याचा दिवस

गिरीश भांडगे यांचं वाऱ्याशी बरं नाही. दोह्याजवळच्या हमद पोर्टवर कुठलं जहाज कधी रिकामं करायचं, ते ठरवायचं काम त्यांचं. वारा चढला की क्रेन थांबतात आणि ठरवलेलं सगळं कोसळतं. त्यामुळे घरच्या सहलीही ते हवामानाचा अंदाज बघून, वारा पडलेल्या दिवशीच काढतात.

या जानेवारीत येवल्याहून त्यांचे वडील, अण्णा, दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर राहायला आले. गिरीशनी त्यांना निवांत दोहा दाखवलं: जुना बाजार, संग्रहालय, कॉर्निशचा समुद्रकाठचा रस्ता, लाकडी होडीतून चक्कर. सगळीकडे पाणी आरशासारखं. अण्णा मात्र दिवसेंदिवस घुम्यासारखे होत गेले आणि एकदा जेवताना फुटले.

"बंदराचं गाव म्हणतोस, अन् वारा कुठंय? का त्यालाही व्हिसा लागतो?"

मग त्यांनी बॅग उघडली. स्वेटरखाली आसारी होती, म्हणजे येवल्याची लांब दांडीची लाकडी फिरकी. तिच्यावर साधा सुती दोरा. पतंग चेपून गेले होते, फक्त एक धड होता. संक्रांतीला समुद्रकाठी एक तरी पतंग कापून दाखवीन, असा शब्द ते गल्लीतल्या मित्रांना देऊन आले होते. मित्र व्हिडिओ कॉलवर बघणार होते.

"नुसता उडवून नाही चालणार?" गिरीशनी विचारलं.

"एकट्यानं कबड्डी खेळतात का, गिऱ्या?"

संक्रांतीला उत्तरेचा वारा सुटला. गिरीशनी रजा टाकली होती. संग्रहालयाशेजारच्या बागेत वेस्ट बेच्या टॉवरांकडे पाठ करून बापलेक उभे राहिले. गिरीशच्या मुलीनं, नुपूरनं, फोन धरला. पतंग हातातून सुटला तो सरळ आभाळातच. आसारी गरगरली, अण्णांचा तळवा भाजला, टोपी उडून गेली.

"आजोबा, इट्स टू विंडी!"

"गिऱ्या, धर दोरा! आसारी मी बघतो!"

गिरीशनी दोरा धरला. पण कापायचं कुणाला? आभाळ रिकामं. फोनमधून येवला ओरडत होतं, "अण्णा, विमान कापा आता!"

तेवढ्यात पलीकडून एक हिरवा पतंग वर आला. दोरा एका बुरखेवाल्या आजींच्या हातात होता. रुकैयाबी, हैदराबादच्या, मुलाकडे आलेल्या.

"पेंच लगाते क्या?" त्यांनी हाक दिली. "या सिरफ हवा खाने आए?"

"येवल्याचे आहोत आम्ही!" अण्णा गरजले.

"हौ, मालूम. पैठणी बुनते ना? पतंग कब से उड़ाने लगे?"

दोरे भिडले. "ढील दे! ढील दे!" अण्णा ओरडले. गिरीशनी नेमका दोरा ताणला. क्षणभरात तो सैल पडला आणि येवल्याचा पतंग डुलत जुन्या बंदराकडे निघाला. फोनमधून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, मोठं नाव काढलं पोरानं."

अण्णा मटकन गवतावर बसले.

रुकैयाबींनी पिशवीतून एक लाल पतंग काढला. "लेव भाईसाब. इत्ती जल्दी खलास हुए तो मजा नै आता."

पुन्हा दोरे भिडले. या वेळी अण्णा काही बोलायच्या आत गिरीशनी ढील दिली. वारा जितका मागेल तितका दोरा. आसारी अण्णांच्या मांडीवर किंचाळत होती. हिरवा पतंग लालच्या दोऱ्यावर चढला, घासला, आणि तुटला.

"वकाट!" येवल्यात पतंग कापल्यावर देतात ती आरोळी गिरीश भांडगे यांनी दोह्यात दिली. एका पायावर नाचत दिली. धावायला आलेले लोक थबकले. फोनमध्ये हलगी सुरू झाली. नुपूरसुद्धा "वकाट" ओरडत होती.

"मेरीच पतंग, मेरेकुच काटे!" रुकैयाबी हसून हसून गवतावर बसल्या. "ठैरो, और है."

अण्णा उठले. "गिऱ्या, दे इकडं. शब्द मी दिलाय. हा मी कापतो."

"थांबा अण्णा. एकच पेच."

"माझा हात बरा झालाय, दे म्हणतो ना!"

"आसारी नीट धरा," गिरीश म्हणाले. दोरा काही त्यांनी सोडला नाही.