आईच्या ताटातला रोहू

मंडळी, आज दुपारी जठारपेठेतल्या आमच्या घरी मी पहिल्यांदाच शेगडीवर मासे भाजले.

माझ्या आईला रोहू फार आवडतो. पण तिची नजर कमी झाली, काटे दिसेनासे झाले आणि दोन वर्षांपूर्वी तिने मासे खाणंच सोडलं. विचारलं की म्हणायची, "आता मन नाई होत."

सकाळी ताजा रोहू आणला, जाड तुकडे करून घेतले. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावून तासभर मुरत ठेवले. गच्चीवर कोळसे पेटवले, जाळीला तेल पुसलं. पहिला तुकडा चिकटून मोडला, बाकीचे नीट निघाले.

मग आईच्या वाट्याचे दोन तुकडे घेऊन बोटांनी एकेक काटा काढत बसलो. वीसेक मिनिटं गेली.

"मले काहून देऊन राहिला? तुमी खा ना," ती म्हणाली.

"एकबी काटा नाई त्यात. खाऊन तर पाय."

ती अगदी हळू जेवली, पण माशाचे दोन्ही तुकडे संपवले.

"काटा लागला काय?" मी विचारलं.

"नाई रे. मस्त झाला."

ताटं उचलताना तिच्या ताटात उरलेल्या भाकरीच्या तुकड्याखाली तीन काटे सापडले.

मी ते गुपचूप टाकून दिले. पुढच्या रविवारी पुन्हा रोहू आणणार आहे, आणि काटे काढताना चष्मा लावणार आहे. तुम्ही असता तर तिला विचारलं असतं का?