काकूच्या अंगातलं टेक्नेशियम

"तिच्या अंगातून करंट निंगून राहिला म्हंते. दूरच बस माय," मोठी आई शेजारणीला सांगत होती.

काकू, म्हणजे तिची धाकटी जाऊ, पडवीत चटईवर पाय पसरून बसली होती. पाण्याचा गडवा वेगळा, ताट वेगळं. बाहेरची झालेल्या बाईला बसवतात तशीच. तीन दिवसांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात तिच्या गळ्यातल्या गाठीची तपासणी झाली, त्यासाठी सुईने टेक्नेशियम टोचलं. गाठ साधी निघाली. "उद्यापर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका," एवढंच तिथल्या माणसाने सांगितलं होतं. इंग्रजी येतं म्हणून मला, तिच्या पुतणीला, जवाहरनगरहून बोलावून सोबत नेलं होतं. इथे आसगावात मात्र माझ्या शहरी मराठीला सगळे हसत, म्हणून मी गप्पच असे.

टेक्नेशियम मला बी.एस्सी.च्या पुस्तकातून ठाऊक होतं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्रेचाळीस नंबरचं घर कितीतरी वर्षं रिकामं होतं. शोधून सापडेना, शेवटी माणसानेच ते बनवलं. नावाचा अर्थच मुळी 'कृत्रिम'. कायम टिकेल असा त्याचा एकही प्रकार नाही. दवाखान्यातलं तर मॉलिब्डेनमपासून ताजं ताजं काढून घ्यावं लागतं, कारण दर सहा तासांनी ते निम्मं होतं. दिवसभरात उरतो सोळावा हिस्सा. तिसऱ्या दिवशी काकूच्या अंगात होता तो फक्त आळस.

हे सगळं मी तिला परतीच्या एस.टी.तच समजावलं होतं. तिने मान डोलावत नीट ऐकून घेतलं आणि घरात पाऊल टाकताच सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं.

उद्या रोवणा होता. भाताची रोपं लावायला येणाऱ्या वीस बायांचा सैपाक लग्न झाल्यापासून काकू एकटीच करत आली होती. आता तो मोठ्या आईवर आला होता. ती माझ्याकडे वळली.

"काय वं पोरी, तू तं इंग्रजी शाळेत शिकली. किती रोज राह्यते ते अंगात?"

काकूने पदर तोंडात कोंबला, पण डोळे माझ्यावरून हलेनात. केव्हाच निघून गेलं म्हटलं असतं, तर पहाटे ती चुलीपुढे असती. शेजारीणही ऐकायला थांबली. माझे कान गरम झाले. खोटं बोलायची मला सवय नव्हती. खरं म्हणजे बोलायचीच नव्हती.

"आठ दिवस," मी म्हणाले. "आणि मध्ये चुलीची धग लागली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."